चार दात काढावे लागतील

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर शेअर रिक्षात मागे एकच जागा होती आणि चढणारे दोघं, राजसी आणि एक अनोळखी तरुण. शेवटी रिक्षावाल्याने त्यालाच पुढे आपल्या शेजारी कोंबलं. तो तरुण मागे वळून राजसीला म्हणाला, “डावा सुळा किंचित पुढे आहे तुमचा.”

राजसी थक्क! “मुलीचे आधी दात बघता?”

“डोळे बघितले आधी... दात ही शिक्षणाची खोड.”

“मग काय, आत ढकलणार?”

“छे! छान दिसतो.”

कॅम्प चारला दोघं एकाच दवाखान्यापाशी उतरले. दवाखाना राजसीचा, ती बीडीएस. आणि हा सोहम, दात सरळ करण्यातला एमडीएस, दर गुरुवारी येणारा नवा कन्सल्टंट. आता बोला!

गुरुवार भराभर गेले. अहो-जाहो गेलं, दाल-पकवान एकाच पुडीतून खाल्लं जाऊ लागलं. एका दुपारी तो म्हणाला, “रविवारी मांजर्लीला तुमच्या घरी येतो... तुझ्या बाबांना विचारायला.”

“ये की,” राजसी लाजली, “पण चहा गोड झाला तर बोलायचं नाही हं.”

त्याच संध्याकाळी राजसीची पेशंट जिज्ञासा आली. दात पुढे आलेले, लग्न पुढच्या वर्षी. राजसीने तिला शब्द दिला होता, एकही दात काढणार नाही, दातांवर बसणाऱ्या पारदर्शक अलाइनरने जमेल. अलाइनरच्या दोन दिवसांच्या कोर्समध्ये राजसीला तसंच शिकवलं होतं. आता डॉक्टर लोकांत एक रीत असते. बाहेरून आलेल्या डॉक्टरने दवाखान्याच्या डॉक्टरचं पेशंटसमोर खोडायचं नाही, काय ते आतल्या खोलीत. पण सोहमने तोंडात आरसा घातला आणि सगळं विसरला.

“कोणी सांगितलं हे? चार दात काढावे लागतील. नाहीतर ओठ अजून पुढे येतील.”

“लेकिन मॅडम तो बोली...”

“मॅडमचा दोष नाही. बीडीएसला एवढं शिकवतच नाहीत.”

जिज्ञासाने राजसीकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

जिज्ञासा गेल्यावर राजसीने एक्स-रे पुन्हा लावला. जबड्यात जागाच नव्हती. मेला, बरोबर होता! तेच तर झोंबत होतं.

“चूक माझी,” ती म्हणाली. “पण आत बोलावून सांगायचंस ना रे...”

“बरोबर ते बरोबर, राजू! लग्नानंतर असल्या केसेस मीच बघेन. तू फिलिंग-क्लीनिंग सांभाळ. तुझाच ताप कमी.”

किती मायेने म्हणाला! तिला कुठे लागलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. राजसीचे डोळे भरून आले.

“रविवारी येऊ नकोस, सोहम.”

“अगं, एवढ्यावरून? प्रेम नाही तुझं?”

“आहे. खूप आहे... पण माझ्याच दवाखान्यात जन्मभर मान खाली घालून नाही जगता येणार मला.”

पुढच्या गुरुवारी जिज्ञासाचे पहिले दोन दात राजसीनेच काढले. पोरीला कळलंसुद्धा नाही.

“छान काढलेस,” सोहम हळूच म्हणाला.

“थँक्यू, डॉक्टर,” ती म्हणाली, आणि तिने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.