फाटकावरचा माणूस

मी ‘गेट!’ म्हणून ओरडले आणि गेट उघडलंच नाही.

लाल कालवड माझ्या घोडीच्या, टॅन्सीच्या, अगदी नाकासमोर होती. तिला कळपातून एकटीला बाहेर काढून, आवाराच्या तोंडाशी दोनदा अडवून मी फाटकाकडे वळवलं होतं. आता फाटक उघडायचं आणि बाहेरच्या रिंगणात तिला भरधाव खुंटांभोवती फिरवून आणायचं. कॅम्पड्राफ्टची स्पर्धा म्हणजे एवढंच. पण फाटकावरचा तो उंच माणूस कडीवर हात ठेवून माझ्याकडे नुसता बघत राहिला. एक क्षण... एकच. कालवड गर्रकन फिरली आणि कळपात गडप झाली. परीक्षकांचा चाबूक कडाडला. शुक्रवारची फेरी बाद. आधीच्या फेरीतल्या गुणांवर फायनल तेवढी वाचली.

मी घोडी तशीच त्याच्यापुढे नेली. “बहिरा आहेस का रे?”

“नाही.” त्याने टोपी काढली. केसांवर टोपीची गोल खूण उमटली होती. “कालवड तयार नव्हती. तिचा एक कान मागे, कळपाकडे होता. मला वाटलं, तू अजून एकदा अडवशील.”

“तुला काय वाटतं ते नको, तुझं काम फाटक उघडायचं!”

“ते खरंय... चुकलंच माझं.”

इतक्या सरळपणे चूक कबूल करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? कुंपणाच्या दांडीवर बसलेले बाबा माझ्याकडे बघून खुशाल हसत होते. “पोरी, कानाचं मात्र खरं बोलला हो तो. तू नेहमीच घाईने ओरडतेस!”

ते मला चांगलंच लागलं. कारण घाई मी फक्त घोड्यावरच केली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ट्रेंटला भेटून महिना झाला नाही तोच लग्नाला हो म्हणून बसले होते. मग त्याला शहरातली नोकरी मिळाली आणि मी इथे अंगठी परत पाठवायला पोस्टात रांगेत उभी. तेव्हापासून ठरवलं होतं, पुन्हा म्हणून आपण आधी बोलायचं नाही.

शनिवारी सकाळी टॅन्सीला खरारा करत होते, तर तो दोन मग चहा आणि कागदात गुंडाळलेलं स्टेक सँडविच घेऊन हजर. नाव हॅमिश. नदीपलीकडच्या खोऱ्यातला. स्वतः घडवत असलेला पिप नावाचा तांबूस घोडा त्याने आणला होता.

“लाच आहे का ही?”

“दंड आहे.” तो शेजारच्या गवताच्या गठ्ठ्यावर टेकला. “उद्या फायनलला पण फाटकावर मीच आहे. म्हटलं, आधीच पोटात काहीतरी घातलेलं बरं.”

“आणि उद्या बघत बसलास तर?”

“तर दोन सँडविच.”

मला हसू फुटलं. दिवसभर आम्ही या ना त्या निमित्ताने एकमेकांना सापडत राहिलो... कधी पाण्याच्या नळाशी, कधी धुळीत कुंपणाला रेलून. तो फार बोलत नसे. बोलायच्या आधी टोपीची कड बोटांत फिरवायचा, आणि त्या फिरणाऱ्या टोपीकडे बघत मी वाट पाहत राहायचे. मला चक्क वाट पाहणं आवडायला लागलं होतं! मग तो सहज म्हणाला, “उद्या संध्याकाळी निघतोय. उत्तरेला गुरं गोळा करायचं काम आहे. आठ महिने.”

“अरे वा,” मी म्हणाले. अगदी कोरडेपणाने. त्याने थांबावं असं नव्हतं माझं म्हणणं. पण जायच्या आधी त्याने काहीतरी बोलावं... आणि मी तर बोलणार नव्हते.

रविवारी फायनलला मी पांढऱ्या तोंडाचा गोऱ्हा निवडला. एकदा अडवला. दुसऱ्यांदा अडवला. जीभ शिवशिवत होती, पण मी त्याच्या कानाकडे बघितलं. एक मागेच होता. टॅन्सीने तिसऱ्यांदा त्याला वळवलं आणि दोन्ही कान पुढे आले.

“गेट!”

शब्द तोंडातून पुरता सुटायच्या आत फाटक उघडलेलं होतं. आम्ही वाऱ्यासारखे सुटलो, दोन्ही खुंट घेतले, शेवटच्या दोन खांबांमधून बाहेर पडलो. दुसरा नंबर आला. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते म्हणाले धूळ गेली.

ऊन कलल्यावर हॅमिश पिपचा दोर माझ्या हातात देत म्हणाला, “तिकडे मालकाचेच घोडे वापरतात. याला... तू सांभाळशील? फक्त घाई शिकवू नकोस.”

आमच्याकडे माणसं गाडी उसनी देतात, वेळेला घर देतात. आपण घडवलेला घोडा कुणी कुणाला देत नाही. पण तो एवढंच बोलला आणि गाडीत जाऊन बसला!

मैदानाच्या वाटेवर शेवटी एक लोखंडी फाटक आहे. गाडीत शेजारी बसलेल्याने उतरून फाटक उघडायचं, ही आमची रीत. त्याच्या शेजारी कुणीच नव्हतं. म्हणून पिपला घेऊन मी आडवाटेने आधीच तिथे पोचले आणि कडीवर हात ठेवून उभी राहिले.

त्याने खिडकीतून डोकं काढलं. “गेट!”

मी जागची हलले नाही.

“नेरिडा... गेट.”

“तू तयार नाहीस अजून,” मी म्हणाले. “तुझा एक कान मागे आहे.”

इंजिन बंद झालं. तो उतरून फाटकाच्या पलीकडच्या बाजूला येऊन उभा राहिला. टोपी एकदा फिरली, दोनदा फिरली.

“त्या कालवडीचा कान,” तो म्हणाला, “मागे होता खरा. पण तो मी पाहिला ती फिरल्यावर. त्याआधी... मी तुझ्याकडे बघत होतो. उघडायचं राहूनच गेलं. मला तू आवडतेस, नेरिडा. पहिल्या हाकेपासून.”

“म्हणजे दोन दिवस मी त्या कानाच्या नादी लागले, आणि ती नुसती सबब होती?”

“दुसरा नंबर आला ना पण!”

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. पिप माझ्या खांद्यावर तोंड घासत होता.

“आठ महिने थांबशील?” त्याने हळूच विचारलं.

“थांबीन. मलाही तू आवडतोस, लबाडा.”

फाटकाच्या गजांवरून त्याने माझा हात हातात घेतला. मावळतीचं ऊन गाडीच्या काचेवरून उतरून गेलं तरी तो सोडेना, आणि मीही सोडवून घेतला नाही.

मग मी कडी काढली. जरा उशिराच.