दुसरी हाक

दिवस वाईट होते, पण त्या दुपारी ऋजुताचं मन हलकं होतं. स्कूटीवर पायाशी एक खोका, खोक्यात गावच्या मुंबईकरांनी पाठवलेले टॅब, आणि जायचं होतं लांज्याबाहेर माळावरच्या मुलींच्या वसतिगृहात. साथीत त्याचं कोविड सेंटर झालं होतं. आत गेलेल्या माणसाचं तोंड घरच्यांना दिसायचं ते तो बरा होऊन बाहेर आला तरच. पुण्याची नोकरी घरून करणाऱ्या ऋजुताला ते बघवेना. गावातल्या एका संस्थेला ती म्हणाली, बाकी मला काही येत नाही, पण प्रत्येक खाटेवरून घरी बोलता येईल एवढं करून देते. आणि एक पैसा न घेता तिने ते करून दिलंही.

अडचण एकच आली. म्हाताऱ्या माणसांना फोन उचलताच येईना. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, अंगात त्राण नाही. घरची माणसं तिकडून फोन लावून लावून थकायची आणि इकडे आजोबा हिरव्या बटणाकडे नुसते बघत पडलेले असायचे. ऋजुताने त्यावर तोड काढली. टॅब वाजला की आपोआप उचलला जाईल, अशी सोय करून टाकली.

तिथे रुग्णांची उस्तवार करणाऱ्या मालनताई ते बघून हसल्या. "आवो ताई, म्हंजे ह्यो पहिल्या हाकेलाच ओ देनार?"

ऋजुताही हसली. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिन्हीसांजेला बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. जे माणूस नाही, ते एकदाच मारतं. ऋजुताच्या आईनेही तिला हे शिकवलं होतं, आणि पुण्याला जाताना आईच्या अनेक गोष्टींबरोबर तिने हेही घरीच ठेवलं होतं. टॅबला कुठली आलीय तिन्हीसांज!

सुरुवातीला सगळं छान चाललं. हरिश्चंद्र नावाचे आंब्याचे बागायतदार, ज्यांना सगळे हरबा म्हणत, ते खाटेवरूनच गड्यांना पेट्या कशा भरायच्या ते दरडावून सांगत. तुळसाआजी विरारच्या पणतीला रोज तेच एक गाणं म्हणायला लावी. ऋजुता दिवसातून दोनदा घरूनच सगळे टॅब तपासायची, आणि कुणाचं तरी हसू कानावर पडलं की तिला जेवण गोड लागायचं.

मग साथ तिच्याच घरात आली. तिचे बाबा, श्रीपती, जन्मभर लांजा स्टँडवर गाड्या पुकारलेले. भोंगा बंद पडला तरी बोरिवलीची गाडी लागलेली बाजाराला कळायची, असा त्यांचा आवाज. आधी तो आवाज बसला, मग दम लागायला लागला. एका सकाळी रुग्णवाहिका आली आणि त्यांना त्याच सेंटरात घेऊन गेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऋजुता घरात एकटी राहिली, आणि तिलाही घराबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली.

"रडतेस कशाला गो?" जाताना बाबा म्हणाले. "तुझा तो टॅब आहे ना तिथे."

दोनच दिवसांनी मालनताईंचा फोन आला. "ताई, टॅबात कायतरी बिघाड हाय काय? काल तिन्हीसांजेला तुळसाआजीचा वाजला. आपणच उचलला गेला. बघते तर समोर कोन नाय... नुसता काळोख. आनि आजी त्याला ओ देते."

"नेटवर्क गेलं असेल. आजी कशा आहेत?"

"पहाटे गेली."

ऋजुताने विरारच्या घरी चौकशी केली. त्या संध्याकाळी त्यांच्याकडून कुणीच फोन लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला ती बाबांशी बोलत होती. म्हणजे बोलत तीच होती, बाबा मास्कच्या आतून नुसती मान हलवत होते. मागे ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं. खिडकीतला उजेड मळकट होत चालला होता आणि अजून कुणी दिवे लावले नव्हते. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा टॅब वाजला. एकदाच. आणि आपोआप उचलला गेला.

"हरबा..."

तो आवाज ऋजुता ओळखत होती. टॅब कसा धरायचा ते या आवाजाला तिने स्वतः शिकवलं होतं. तुळसाआजीचा आवाज. आजीला जाळून दिवस उलटला होता.

"ओ," हरबा म्हणाले. किती दिवसांनी कुणीतरी आपलं माणूस भेटावं, तसे म्हणाले.

"बाबा," ऋजुता कुजबुजली, "त्यांच्या टॅबवर कोण दिसतंय?"

बाबांनी कष्टाने मान वळवली. "कोण नाय गो... पडदा काळाच आहे."

सकाळी हरबांची खाट रिकामी होती. त्या रांगेत पुढची खाट होती बाबांची.

ऋजुताने त्या दिवशी नोकरीचं काम उघडलंही नाही. आधी तिने घरी बसूनच सगळ्या टॅबवरची ती आपोआप उचलायची सोय काढून टाकली. मालनताईंना सांगितलं, फोन उचलायचा तर तुम्हीच उचलायचा, तोही एकदा तुटून पुन्हा वाजला तरच. कारण विचारायची मालनताईंना गरज पडली नाही. मग तिने बाबांना फोन लावला, तोडला, पुन्हा लावला.

"बाबा, आजपासून असंच. मी दोनदा लावणार. तुम्हीही मला दोनदा लावायचा. एकदाच वाजला तर कुणी उचलायचा नाही. मी नाही आणि तुम्हीही नाही."

बाबांच्या डोळ्यांत हसू आलं. "कंप्युटर शिकलीस... आणि हे?"

"बाबा, ऐका ना माझं."

"ऐकलं," ते दमत दमत म्हणाले. "गाडीसुद्धा... दोनदाच पुकारतात. ठरलं."

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. पान हलत नव्हतं. परसातल्या पिकून फुटलेल्या फणसाचा वास घरभर साचला होता. ऋजुता फोन समोर ठेवून ओटीवर बसली होती. आतल्या खोलीत दिवा लावायला उठावं असं तिला वाटत होतं, पण फोन सोडून उठवत नव्हतं.

फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं, बाबा.

तिचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. जो गेला तो पुढच्याला हाक मारतो, एवढंच तिला कळलं होतं. तुळसाआजीने हरबांना मारली. आता हे बाबा असतील, तर बाबा... तिने तो विचार पुरा केला नाही. फोन वाजत होता. बाबा, एकदा तोडा. तोडा आणि पुन्हा लावा. ठरलंय ना आपलं. ती मोठ्याने म्हणत होती, रडत होती, आणि दोन्ही हात पोटाशी आवळून बसली होती. फोन वाजून वाजून बंद झाला.

ती दुसऱ्या रिंगची वाट बघत राहिली. घरात पुरता काळोख झाला. दुसरी रिंग आलीच नाही.

आली ती मालनताईंची. आधी एकदा तुटली, मग पुन्हा वाजली, तेव्हा तिने फोन उचलला.

"ताई... बाबा गेले."

"कधी?"

"आताच. तुमच्याशी बोलले नि मान टाकली."

ऋजुताला काही उमजेना. "मघाचा फोन... कुणी लावला होता?"

"मीच लावून दिला. त्यांचा हात उचलत नव्हता. तुम्हाला एकदा बघायचं होतं. खुणेनं म्हनले, तोड, परत लाव. मला पन माहीत होतं ठरलेलं."

म्हणजे बाबा जिवंत होते. तिच्या हाताच्या अंतरावर होते, फोन वाजत होता तेवढा वेळ तिची वाट बघत होते, आणि ती पोटाशी हात आवळून बसली होती. आपल्याच बापाला ती घाबरली होती. या पापाला आता उतारा नव्हता. त्यांना शेवटचं बघायलाही कुणी तिला जाऊ देणार नव्हतं.

"मग तोडला का नाहीत?" तिला धड ओरडताही येईना. "दुसऱ्यांदा लावला का नाहीत, मालनताई?"

"आवो, काय लावू? तवर तुम्ही उचललात की."

ऋजुताने पडद्यावर बघितलं, तिथे बाबांचा फोन न उचललेलाच दिसत होता.

"तोंड दिसत नव्हतं तुमचं, काळोख होता. पन आवाज आला. बाबा, बाबा म्हनून किती मायेनं हाक मारलीत. त्यांनी ओ दिली. सुखानं गेले, ताई. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"मी उचलला नाही," ऋजुता म्हणाली. "मालनताई, मी फोन उचललाच नाही..."

पलीकडे वॉर्डातलं बुडबुडणारं पाणी ऐकू येत होतं.

"असं कसं?" मालनताई हळूच म्हणाल्या. "त्यांच्या उशाशी टॅब चालूच हाय अजून. मी समोरच उभी हाय. तुम्ही..."

आणि मग, मालनताईंच्या मागून, त्या वॉर्डातून, ऋजुताला स्वतःचा आवाज ऐकू आला. मऊ, रडून रडून बसलेला.

"मालनताई..."

"देऊ नका," ऋजुता किंचाळली. "ओ देऊ नका..."

पण ऋजुताताईंनी हाक मारली आणि मालनताईंनी ओ दिली नाही, असं कधी झालंच नव्हतं.

"ओ, ताई," त्या टॅबकडे वळून म्हणाल्या.