थेंबगाडीतला दुसरा दिवा

आपल्याकडे गाडीचा पुढचा दिवा स्वतःसाठी असतो आणि मागचा दुसऱ्यांसाठी. म्हणून मागचा नसतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. उमरखेडहून आर्णीकडे येणाऱ्या रस्त्यावर उन्हं उतरून अंधारत आलं होतं, तुरीच्या पिवळ्या फुलांवर धुकं बसायला लागलं होतं आणि दीपमाला स्कुटीवरून अगदी चांगल्या मनःस्थितीत घरी चालली होती. ही मनःस्थिती पुढच्या वळणापर्यंत टिकली.

वळणावर अंधारात काहीतरी चमकलं. लाल कापडाचा एक तुकडा, त्यावर टिकलीएवढे आरसे. तिनं करकचून ब्रेक दाबला, स्कुटी मुरुमात घसरली आणि तिचं नाक एका लोखंडी दांड्यापासून वीतभर अलीकडे थांबलं. दांड्याला दोन चाकं होती. पुढे एक म्हातारी जीप हे सगळं ओढत चालली होती... दिव्याशिवाय.

जीपमधून उतरलेला तरुण धावत आला. "लागलं का तुमाले?"

"लाल दिवा कुठी हाय तुमचा?"

"लागलं का म्हटलं..."

"मी दिवा विचारून राह्यली!"

त्यानं मागे पाहिलं. जणू दिवा इतका वेळ तिथेच होता आणि आत्ताच कुठेतरी गेला होता. "दिवा नाई. पण हे बांधलं न. माह्या आजीच्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, तुकडा हाय. आरसे हायेत त्याले. मांगून उजेड पडला का चमकतात."

"उजेड पडेपर्यंत माणूस आत घुसलेलं असते!"

"पण तुमाले दिसलं न?"

"दिसलं म्हणून तर थांबली!"

"मंग... चमकलं न."

मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे दीपमाला आणखी चिडली. ती खाजगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा वर्ग शिकवत होती. दिवसभर पोरांना मुद्दे पटवून द्यायचे आणि संध्याकाळी रस्त्यावर एका घागऱ्याच्या तुकड्याकडून हरायचं, हे तिला मान्य नव्हतं.

"हे हाय काय पण?"

"थेंबगाडी." त्याचा चेहरा उजळला. तेवढाच काय तो तिथला उजेड. "म्हणजे होनार हाय. पुढून गोल, मांगं निमुळती. आत झोपाले जागा. मांगचं झाकण उचललं का स्वयंपाकाचा ओटा. जीपले जोडाची आन् निंघाचं."

"वायरिंग?"

"ते शेवटी करू."

"शेवटी?" दीपमालानं हेल्मेट काढलं. माणसाला नीट ऐकू जावं, एवढ्यासाठीच. "अहो, वायर काय कोथिंबीर हाय का, सगळं शिजल्यावर वरून टाकाले? पाइप बंद कराच्या आधी छेद पडतात, छेद पाडाच्या आधी दिवे ठरतात. कोणता तांडा तुमचा?"

त्यानं सांगितला. त्याचं नाव अमरसिंग राठोड. विनाअनुदानित शाळेत भूगोल शिकवायचा. जगातले सगळे समुद्र त्याला पाठ होते, पाहिलेला एकही नव्हता.

"रविवारी येते," दीपमाला म्हणाली. "भलताच विचार नका करू. मले रस्त्यावर जिवंत राहाचं हाय, म्हणून येते."

अमरसिंगचा भलताच विचार तोवर अर्धा करून झाला होता.

*

अमरसिंगच्या थेंबगाडीला त्याच्या बंजारा तांड्यात खुराडं म्हणत. पहिला विरोध घरातूनच होता. त्याची आजी मानीबाई, जिला सगळा तांडा याडी म्हणजे आई म्हणायचा, ती भल्या सकाळपासून संतापलेली असे.

"लदेणी सुटून चार पिढ्या झाल्या," ती दीपमालाला पहिल्याच दिवशी म्हणाली. "आमचे लोक बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरले. पाय झिजले तवा कुठी हे घर भेटलं. आन् हा मास्तर झाला, तर याले पुन्हा रस्त्यावर झोपाचं हाय! शिकवलं कायले मंग?"

"बरोबर हाय तुमचं, याडी," दीपमाला म्हणाली. "आन् तेही बिनदिव्याचं."

मानीबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोनाची?"

"आर्णीच्या धर्मपाल वायरमनची. बौद्ध हाओ आमी."

"आमची गोरबोली येते?"

"नाई. वायरिंग येते."

मानीबाईनं पानाची पिंक टाकली. नापसंतीची वाटली, पण ती दीपमालापासून बरीच लांब पडली. हा मान होता, असं अमरसिंगनं नंतर समजावलं.

आता तांड्याची एक रीत आहे. कागदावरच्या गोष्टीला तिथे कोणी गोष्ट मानत नाही. समाजभवनापुढच्या सिमेंटच्या ओट्यावर जे मांडलं, ते सगळ्यांपुढे आलं. भांडण असो, सोयरीक असो, ओट्यावर आलं की पक्कं. अमरसिंगनं गाडीचा नकाशा खडूनं, खऱ्या मापात, त्याच ओट्यावर काढला. कागदावर प्रमाण घ्यावं लागतं आणि वेल्डर हरिसिंगला प्रमाण कळत नाही, म्हणून. हेतू निव्वळ भौगोलिक होता. पण नकाशात बिछाना काढावा लागला आणि तो दोघांचा निघाला.

ओटा भरायला वेळ लागला नाही.

"दुसरा कोन रे, मास्तर?" देवसिंग नायकानं विचारलं. तांड्याचा प्रश्न नायकच विचारतो.

अमरसिंगचे कान लाल झाले. त्या गाडीचा पहिला लाल दिवा तोच. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दीपमालाकडे पाहायचं टाळलं... आणि म्हणाला, "याडी!"

मग मानीबाईला आडवं करून माप घेतलं. ती ओट्यावर पडल्या पडल्या आभाळाला शिव्या देत होती आणि गाडीचा सांगाडा तिच्या उंचीनं आखला जात होता. दीपमाला टेपचं एक टोक धरून उभी होती. तिच्या कपाळावर आठी होती. ती कशासाठी होती, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

पुढचे रविवार असेच गेले. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. माप संपलं तरी टेप काही वेळ उगाच ताणलेली राही. मागे दोन लाल दिवे ठरले, ब्रेकचे ठरले, इंडिकेटर ठरले, नंबर पाटीवरचा छोटा ठरला. स्वयंपाकाच्या झाकणाखाली दिव्यांची एक पट्टी ठरली, कारण भाजी करपली आहे की नाही हे माणसाला दिसलं पाहिजे. त्याच्या गालावर खडू लागलेला असायचा. तो पुसावा असं तिला वाटायचं आणि असं वाटल्याचा राग यायचा.

"आन् आत?" तिनं विचारलं. "बिछान्याशी दिवे किती?"

"...दोन असू द्या."

"याडी रात्री वाचते?"

"नाई."

"मंग दुसरा कोणाले?"

"असन न... कोणी तरी."

"कोणी तरी?" दीपमालानं खडू खाली ठेवला. "गुरुजी, लोकसंख्या नक्की नसन तर वायरिंग होत नाई. डोक्याशी पाइप वेगळा येते, छेद वेगळा पडते. पुढच्या सोमवारी हरिसिंग वेल्डिंग करणार. पाइप एकदा बंद झाला का बंद. त्याच्या आत सांगा, एक का दोन."

"सोमवारच्या आत?"

"पुढच्या रविवारी. नाई सांगितलं तर मी एकाच दिव्याचं समजीन. आन् मंग माहं इथलं काम संपलं."

हे ती दिव्याबद्दल बोलली, असं अमरसिंगनं मानायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

घरी धर्मपालनं चहा ओतता ओतता विचारलं, "रविवारी तांड्यावर कायले जातं, बाई?"

"वायरिंग हाय, बाबा."

"मेन स्विच कोनाकडे हाय?"

"तेच तर समजून नाई राह्यलं."

वायरमनच्या नोकरीत केस पांढरे झालेला माणूस बशीत फुंकर घालत राहिला. "मंग हात जपून लाव."

*

शनिवारी अवकाळी पाऊस झाला. शेतातल्या कापसाची वाट लागली आणि ओट्यावरची थेंबगाडी वाहून नालीत गेली.

रविवारी दीपमाला पोचली तेव्हा ओटा कोरा होता. मोबाइलमध्ये नकाशाचा फोटो होता, पण त्यात मधोमध देवसिंग नायकाची शेळी बसली होती. मागचे दिवे दिसत होते, बिछाना सगळा शेळीखाली.

"पुन्हा मापं घेऊ," अमरसिंग म्हणाला. "याडी, आडवी हो न जरा."

"नाई होत."

"याडी..."

"माही कंबर गेली मागच्या बारीले!" मानीबाई काठी आपटत ओट्यावर आली. सगळा तांडा तिच्यामागे आला, कारण कापूस ओला होता आणि कोणाला काम नव्हतं. "आन् मी कायले होऊ आडवी? मी का बसनार हाओ त्या खुराड्यात? मले लघवीले रातच्याले तीन डाव उठा लागते. मांगून पुढून कुठून उतरू मी त्याच्यातून? माह्या मापानं गाडी बांधतं आन् ज्याले न्याचं त्याचं नाव घेत नाई! मास्तर हायेस का बुजगावनं?"

नायकाच्या शेळीनंसुद्धा रवंथ थांबवला.

अमरसिंगच्या हातात खडू होता. पोरांसमोर प्रशांत महासागर एका फटक्यात काढणारा हात आता साधी रेघ ओढेना.

"मॅडम..." तो म्हणाला.

"काय?"

"तुमची उंची... किती असन?"

दीपमालाच्या नाकपुड्या फुलल्या. "काहून?"

"बिछान्यासाठी. म्हणजे... तसं नाई... दोन दिवे, म्हटलो न मी. त्या दिवशी. तवापासून तुमचाच होता तो. दुसरा." त्यानं खडू खिशात टाकला. "मले समुद्र पाहाचा हाय. पन एकट्यानं पाहून मी तो कोनाले दाखवू?"

"हे आता सांगून राह्यले?" तिचा आवाज चढला. "म्हाताऱ्या माणसाले सिमेंटवर लोळवलं! एवढे रविवार मी इथं टेप धरून उभी, आन् तुमच्याच्यानं एक नाव निंघलं नाई! त्या दिवशी ओट्यावर नायकानं विचारलं, तवा मी का दिसली नाई तुमाले? आरसे लावून येऊ का अंगाले?"

"दिसली," तो म्हणाला. "म्हणून तर बोलता नाई आलं."

हाही मुद्दा बिनतोड होता. पण या वेळी चिडायला जरा उशीर झाला.

तिनं पर्समधून टेप काढली. समाजभवनाच्या खांबाला पाठ लावून ती ताठ उभी राहिली आणि टेपचं टोक त्याच्यापुढे धरलं.

"घ्या माप. नीट घ्या. नाई तर मंग म्हणान, गाडी लहान पडली."

त्यानं माप घेतलं. टेप निसटली, त्यामुळे दोनदा घ्यावं लागलं. तिसऱ्यांदा घेतलं ते टेप निसटली नसतानाही. देवसिंग नायक खाकरला. ओट्यावर आलेली गोष्ट पक्की झाली होती.

"म्हणजे दोन दिवे," अमरसिंग खडू घेऊन वाकला.

"एक."

त्यानं दचकून वर पाहिलं.

"दोन दिवे लावून बॅटरी उतरवाची हाय का?" दीपमाला म्हणाली. "दिवा एकच. छताले, मधोमध. बटणं दोन, एक तुमच्या उशाशी, एक माह्या. जिन्याले असते न तशी जोडणी. वरून विझवा, खालून लावा, कोणाच्याही हातानं. भांडण झालं का ज्याले राग आला तो विझवन."

"आन् लावन कोन?"

"ज्याची चूक तो." ती क्षणभर थांबली. "म्हणजे तुम्ही."

मानीबाईनं पिंक टाकली. या वेळी तर ती ओट्याच्या पार पलीकडे गेली.

*

सोमवारी संध्याकाळी चाकं आणि पाइप आर्णीतल्या हरिसिंगच्या दुकानाकडे निघाले. ठरलेल्या दिव्यांपैकी अजून एकही बसलेला नव्हता. मागे तोच फेटियाचा तुकडा फडफडत होता.

दीपमालानं ते पाहिलं आणि आर्णीपर्यंत सगळा रस्ता मागून स्कुटीचं इंडिकेटर चालू ठेवून आली. मधूनमधून हॉर्न वाजवत होती, आरशात पाहा म्हणून खुणावत होती, हळू चाला म्हणून ओरडत होती. तिच्या पुढच्या दिव्याच्या उजेडात आरशाच्या टिकल्या लुकलुकत होत्या आणि जीपमधला मास्तर प्रत्येक हॉर्नला मान वळवून हसत होता.

"पुढं पाहा!" ती ओरडली. "मांगं मी हाओ!"