सत्तेचाळीस नंबरचा जोड

आयुधपूजेच्या दुपारी अम्माने मला कारखान्यात पाठवलं. पूजेत ठेवायला तिला माझ्या थोरल्या भावाचा, वीरमणी अण्णाचा पंच हवा होता. आमच्या तुवाकुडीत प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी पंचाने नंबर ठोकतो. अण्णाचा सत्तेचाळीस. त्याला जाऊन सोळा दिवस झाले होते. हवा भरून टाकी तपासताना त्याचाच जोड फुटला. सगळे म्हणाले, वीरमणीचा हात चुकला.

यंत्रांवर चंदन-कुंकू होतं, माणूस नव्हता. फक्त आरोग्यसामी मेस्त्री.

"मी चर्चमध्ये जाणारा, आणि दरवर्षी यंत्रांची दृष्ट काढायला भोपळा फोडायचा मीच!" ते कुरकुरले. "पंच घे नि पळ. दुसरी टाकी उद्या तपासायची आहे, तिला हात लावू नकोस."

तिचा जोडही अण्णाने फुटलेल्या टाकीबरोबर एकाच दिवशी केला होता.

टिक्.

"मेस्त्री, ऐकलंत?"

"उन्हाने पत्रा वाजतो रे."

पण टाकी सावलीत होती. टिक्... टिक्... गरम जोड निवताना वाजतो तसा आवाज. हा जोड तर केव्हाच निवला होता.

जवळ गेलो. जोडाभोवती जाड ब्लँकेट तारेने आवळलेलं. तारेचा पीळ उलटा, डाव्या हाताचा. आमच्यात डावखुरा एकटा अण्णाच.

"सकाळी मीच हिला कुंकू लावलं..." मेस्त्री दोन पावलं मागे सरले. "तेव्हा उघडी होती."

जोड केले त्या दिवशी अण्णाने दोन्ही टाक्यांना असंच ब्लँकेट बांधलं होतं, आणि मला, धाकट्याला, बजावलं होतं. "तंबी, सावकाश निवू दे, मग घासून ठेव. घाईने गार केलास तर ओढ आतच अडकते. जोड वरून शांत दिसतो, आणि दिवसांनी फाटतो." मला कबड्डीला जायचं होतं. ब्लँकेटं काढून मी बादलीभर पाणी ओतलं. सकाळी अण्णाला म्हणालो, रात्रभर झाकून होते.

"मेस्त्री... पाणी मी ओतलं. दोन्हींवर. अण्णाचा हात नाही चुकला."

मेस्त्रींनी खिशातून खडू काढला. टाकीवर फुली मारली; उद्याची तपासणी रद्द. टिकटिक थांबली. मी तार सोडली. सत्तेचाळीसला खेटून केसाएवढी भेग गेली होती.

"घरी सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

आता पंच घरी पूजेच्या पाटावर आहे. अम्मा त्याला चंदन लावतेय, नि पुटपुटतेय, "कसा चुकला रे तुझा हात, राजा..." मी तोंड उघडतो, मिटतो.

टिक्.

अम्मा बोट झटकन मागे घेते. "कुमरेसा, हा एवढा कढत कसा?"