टेपचं दुसरं टोक

दार लागत नाही, एवढीच तिची तक्रार होती.

भुरभुर पाऊस होता. वेल्डिंगच्या शेडसमोर एक म्हातारी जीप येऊन उभी राहिली आणि तिच्यातून एक तरुणी उतरली. म्हणजे शेजारच्या सीटवरून सरकत सरकत पलीकडच्या दारानं उतरली, कारण स्वतःच्या बाजूचं दार तिनं दोरीनं बांधून ठेवलं होतं.

"मिस्त्री, एक हातोडी देता का? दोन ठोके घालते, बसेल दार."

मिस्त्रीनं हातोडी दिली नाही. आपली हातोडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हे त्याचं तत्त्व होतं. त्याच्याकडे तत्त्वं पुष्कळ होती. लग्न तेवढं राहिलं होतं. तो वाकला आणि जीपच्या चेसिसवर – ज्या दोन लांब पोकळ तुळयांवर अख्खी गाडी उभी असते, त्यांतल्या एकीवर – त्यानं ठोका मारला. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. हे 'भद्' वाजलं आणि हातोडी आत गेली. आतच राहिली.

दोघंही थोडा वेळ दांड्याकडे बघत राहिली.

"दाराला काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाला. "दार आहे तिथंच आहे. गाडी खाली बसलीये."

"तुमची हातोडी माझ्या गाडीत आहे," ती म्हणाली. "नंतर चोरीचा आळ घेऊ नका."

आणि हसली. मिस्त्रीनं हातोडी ओढली, तिच्याबरोबर ओंजळभर तांबडा भुगा बाहेर आला. खरं तर त्यानं भुग्याकडे बघायला हवं होतं. तो तिच्या कपाळावर चिकटलेल्या ओल्या बटेकडे बघत राहिला.

ती गुरांची डॉक्टर होती. पण शहरातल्या दवाखान्यात तिच्या वाट्याला आजवर एकही गाय आली नव्हती… लाडावलेल्या कुत्र्यांची नखं कापण्यात दिवस जात होते. डोंगरातल्या वस्त्यांवर जायचं तिचं शिकत असल्यापासूनचं स्वप्न होतं, आणि ती नेमणूक आता हातात आली होती. अट एकच. डोंगर चढणारी स्वतःची गाडी हवी आणि महिनाअखेरीपर्यंत ती तपासणीत पास झालेली हवी. नाहीतर नेमणूक दुसऱ्याला आणि ती पुन्हा कुत्र्यांच्या नखांना.

गाडी मामांची. मामांनी ती आयुष्यभर समुद्राकाठी पळवली. गंज दिसला की मामा त्यावर काळा रंग फासत. घरातल्या सगळ्याच प्रश्नांवर त्यांचा हाच उपाय असे.

"रंगावर रंग चढत गेला आणि पाणी आतल्या आत राहिलं," मिस्त्री म्हणाला. "चेसिसला खालून भोकं असतात, पाणी निथळायला. चिखलानं बुजतात. मग आतून कुरतडलं जातं. बाहेरून बघाल तर झकास."

"आमच्याकडेही येतात अशी माणसं," ती म्हणाली. "कुत्र्याला घेऊन." मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, "होईल का हो दुरुस्त?"

कुठलाही शहाणा वेल्डर 'भंगारात घाला' म्हणाला असता. मिस्त्री म्हणाला, "होईल."

शेडच्या दारात त्याची आत्या बसली होती, जुने नटबोल्ट मापाप्रमाणे डब्यांत निवडत. आईमागे त्याला तिनंच वाढवलं होतं, त्यामुळे तो कुठे पोकळ आहे हे तिला न वाजवताही कळायचं.

"अरे, गेल्या आठवड्यात ह्याहून बरी गाडी भंगारात काढायला सांगितलीस की."

"ती वेगळी होती, आत्या."

"हो तर. पुरुषाची होती," आत्या म्हणाली आणि बोल्ट डब्यात टाकला.

कुजलेला भाग कापायचा, तिथं नवा पत्रा घडवून जोडायचा, असं काम. पण लोखंडाचा स्वभाव मोठा चमत्कारिक. तापलं की ओढलं जातं. एका जोडानं चेसिस बोटभर वाकली, तर गाडी जन्मभर खेकड्यासारखी चालते. म्हणून दर जोडानंतर दोन तिरकी मापं घ्यायची, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखी आली की चेसिस सरळ.

"टेपचं दुसरं टोक जरा… धरता का?" पहिल्या जोडानंतर मिस्त्री तिला म्हणाला. "एकट्याला नाही जमत."

आत्याचा हात डब्यावर थांबला. टेपच्या टोकाला पत्र्याचा हूक असतो. तो कडेला अडकवला की झालं. त्या हुकाच्या जिवावर मिस्त्री इतकी वर्षं एकट्यानं चेसिसा मोजत आला होता. पण आत्या काही बोलली नाही. तिनं आयुष्यात न बोलता काढलेले प्रसंग फार नाहीत. त्यांतला हा सर्वांत अवघड.

मग डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखाना आटोपून येऊ लागली, टोक धरायला. एका कोपऱ्यात ती, समोरच्या कोपऱ्यात तो, मध्ये उघडी चेसिस आणि वर पत्र्यावर पावसाची टिपटिप.

"मिस्त्री, हात हलतोय तुमचा."

"हात नाही. टेप हलतोय."

"टेपला कसलं कापरं भरलं?"

"गारठा आहे."

"आत्ताच इथं लोखंड वितळवलंत की!"

"…तुम्ही टोक नीट धरा."

"मी धरलंय हो. मी सोडत नाही."

कधी ती चेसिसवर बोटं वाजवून कान लावायची. "गाईचं पोट फुगलं की असंच वाजवून बघतात."

"मग?"

"हवा धरली असेल तर टोचून मोकळी करायची."

"गाय लाजत असेल."

"गाय कशाला लाजेल? मालक लाजतात. काही काही मालक तर कानापर्यंत लाल होतात." आणि ती त्याच्या कानांकडे बघत राहिली.

एकदा ग्राइंडरची ठिणगी तिच्या ओढणीवर उडाली. "अगं, मागे हो!" मिस्त्री ओरडला आणि त्यानं हातानंच ठिणगी विझवली.  मग "भाजलं का हो?" असं तिनं विचारलं, आणि "नाही हो," असं त्यानं सांगितलं. दोघंही 'हो'च्या आडोशाला परत गेली. ते 'अगं' मात्र शेडमध्ये कुठंतरी राहिलं.

शेवटचा एकच तुकडा राहिला होता, सर्वांत वाईट, मागच्या चाकाजवळचा. तपासणी दोन दिवसांवर आली होती. ती आली, टेपचं टोक हातात घेतलं आणि मोजायचं सोडून त्या टोकाशीच चाळा करत बसली.

"मिस्त्री… समजा, नाहीच जमलं हे, तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे… मी काही रागावणार नाही. इथलीच नोकरी चालू ठेवीन. कुत्र्यांनाही नखं असतातच की."

मिस्त्रीनं वेल्डिंगचा मुखवटा वर केला. त्याचा चेहरा पडला होता.

"माझ्या जोडाबद्दल शंका आहे का तुम्हाला?"

"जोडाबद्दल नाही हो…"

"मग कशाबद्दल?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. दारात आत्यानं श्वास रोखून धरला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "कुठून मोजायचं?"

त्या तुकड्याला मिस्त्रीनं दुप्पट जाड पत्रा लावला. असा जोड त्यानं आधी कधी घातला नव्हता. घोटून, घासून, पुन्हा गंजू नये म्हणून आतून मेण भरून, खालची भोकं एकेक मोकळी करून. जगातली सगळी भोकं त्यानं मोकळी केली, आपली सोडून.

गाडी पास झाली. निरोप घ्यायला ती आली तेव्हा सामान मागे बांधलेलं होतं. मिस्त्रीनं तिच्या बाजूचं दार एका बोटानं ढकललं. टक्. बसलं.

"वीस वर्षं हात लावावा लागणार नाही," तो छाती काढून म्हणाला.

"वीस?"

"पंचवीस धरा."

"बापरे," ती म्हणाली. "मग… यायला नकोच."

"अजिबात नको! पावसाळा संपला की फक्त वाजवून बघायची. भद् वाजली तर आणायची."

"आणि ठण्ण वाजली तर?"

"तर कशाला आणायची?"

ती दारावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग बसली, दार लावलं. पहिल्याच झटक्याला लागलं मेलं. जीप वळणावरून दिसेनाशी झाली. सरळ चालली होती. खेकड्यासारखी तिळभरही नाही. मिस्त्री ते बघत समाधानानं हात पुसत होता.

"झालं तुझं?" आत्या म्हणाली.

"कशी चाललीये बघ, आत्या!"

"बघितली. अरे ठोंब्या, पोरगी स्वतःच्या तोंडानं सांगते की नाही जमलं तरी चालेल, आणि तू दुप्पट जाड पत्रा लावतोस!"

मिस्त्रीचे हात पुसायचे थांबले. बोळ्यानं हात पुसता पुसता माणसाचं आयुष्य डोळ्यांसमोरून जातं म्हणतात, तसं त्याचं गेलं.

"मी जाऊन येतो. चेसिस बघायला म्हणून…"

"पंचवीस वर्षांची हमी देऊन? बघायला काय आहे तिथं?"

हे खरंच होतं. स्वतःच्या जोडावर अविश्वास दाखवायचा नाही, हेही त्याचं एक तत्त्व होतं.

पावसाळा संपल्यावर तिचा फोन आला. तिनं फोन गाडीखाली धरला आणि हातोडी मारली. ठण्ण. 'जरा बघावी लागेल, घेऊन या,' हे वाक्य मिस्त्रीनं महिनाभर पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "उत्तम!"

पुढच्या वर्षी पुन्हा आला.

"ऐका हं," ती म्हणाली. ठण्ण. मग हळूच, "काय वाटतं? आवाज थोडा… बद्द येतोय का, मिस्त्री?"

"छे छे! घंटेसारखी आहे!"

आत्यानं डब्यावर कपाळ टेकलं. मिस्त्रीला फोन ठेवल्यावर कळलं. त्याला सगळंच फोन ठेवल्यावर कळायचं.

तिसऱ्या वर्षी मात्र त्यानं ठरवलं. या वेळी कसलीही वाजो, 'भद् आहे' म्हणायचं. तत्त्वं गेली खड्ड्यात. फोन वाजला, त्यानं झडप घालून उचलला, आणि पलीकडून आधी ठण्ण आलं.

"ऐकलंत ना?" तिनं विचारलं. "आणि यंदा तिरकी मापंही घेतली. दोन्ही सारखी आली."

"एकटीनं?"

पलीकडे टेप सर्रकन डबीत परत गेला.

"नाही. दुसरं टोक धरायला… आहेत एकजण. इथल्या शाळेत शिकवतात."

मिस्त्रीनं भिंतीवर टांगलेल्या टेपकडे बघितलं.

"टेपला हूक असतो," तो म्हणाला. कशासाठी म्हणाला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"माहितीये," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी जवळून आल्यासारखा आला. "तेव्हाही होता. मी पहिल्याच दिवशी बघितला होता."

फोन ठेवून तो दाराशी आला. आत्या बोल्ट निवडत होती.

"काय म्हणते?"

"चेसिस चांगली आहे."

आत्यानं हातातला बोल्ट डब्यात टाकला नाही. तसाच मुठीत धरून ठेवला.

"अरेरे," ती म्हणाली.