काशम्माची सकाळची झोप

ही गोष्ट २०१८ सालची. श्रावण नुकताच सरला होता. सोलापुरात गिरणीचा भोंगा बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की नव्या पोरांना त्याचा आवाजही ठाऊक नव्हता. विजयमाला सिस्टरांना तो अजून आठवायचा. त्याच भोंग्यावर घड्याळ लावून त्या सरकारी दवाखान्यात ड्यूटीला जायच्या. आता निवृत्त होऊनही त्यांना बारा वर्षं झाली होती.

त्या दिवशी सकाळी साडेआठला समोरच्या घरातली सून सिद्धेश्वरी अनवाणीच धावत आली.

"सिस्टर, लवकर चला की! आत्याबाई उठंनात!"

सिद्धेश्वरीची सासू काशम्मा देवघरात भिंतीला टेकून कलंडली होती. कपाळावर भस्माचे ताजे पट्टे. शेजारी चहाचा कप, न प्यालेला, वर साय धरलेली. चांदीच्या छोट्या वाटीच्या बुडाशी पांढरा थर होता. भस्म सांडलं असेल, असं सिस्टरांना वाटलं.

त्यांनी चिमटा काढला. आठीसुद्धा नाही. श्वास एकदा आला. मग बराच वेळ आलाच नाही.

"गुरू, रिक्षा आण! पळ!" काशम्माच्या मुलाला ओरडून सांगत त्यांनी तिला कुशीवर वळवलं.

काशम्माचा नवरा शरणप्पा दारात उभा होता. वय ऐंशी, डोळे लाल, हात गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगावर. 

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "झोपेच्या गोळ्या, आणि खूप जास्त. म्हाताऱ्या शरीरातून त्या लवकर बाहेर पडत नाहीत, साठत जातात. श्वास मंदावत मंदावत थांबू शकतो. मला पोलिसांना कळवावं लागेल."

शरणप्पाच्या देखतच गुरू बायकोवर उसळला. "गोळी तूच देतीस न्हवं? रोज उठून आईचं करायचा कंटाळा आला व्हय गं?"

सिद्धेश्वरीनं कडेवरची पोर घट्ट धरली. संध्याकाळी हवालदार येणार होते. आपल्यामागं हिला कोण बघणार, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

सिस्टरांनी तिला व्हरांड्यात नेलं.

"खरं सांग. किती देत होतीस?"

"डॉक्टरांनी सांगितलेली अर्धी. रात्री जेवल्यावर. पाकीट घरी हाय, मोजून बघा."

"झोप कधी यायची त्यांना?"

"तेच तर कळंना. रात्री गोळी घेऊनबी बारापर्यंत जाग्या. आन सकाळी पूजा झाली की लगेच डोळे मिटायचे. महिना झाला. जीभ जड, चालताना तोल जायचा. मला वाटलं, वय झालं."

"सकाळी काय खायच्या?"

"पूजेआधी पाण्याचा थेंबबी न्हाय. नंतरबी चहा तसाच राहायचा."

"आणि तुझे सासरे, आप्पा? शिवू गेल्यावर त्यांनाही गोळ्या लिहून दिल्या होत्या ना?"

शिवू म्हणजे थोरला मुलगा. दीड वर्षापूर्वी अक्कलकोट रोडला ट्रकखाली गेला होता.

"दिल्यात की. दर पंधरा दिवसाला मीच आणती. त्याच जुन्या चिठ्ठीवर दुकानदार देतो. पण त्याचाबी काय उपयोग न्हाय. मामा रात्रभर येरझाऱ्या घालतात, मी ऐकती."

सिस्टरांनी तिच्याकडून किल्ली घेतली. मग एकट्याच काशम्माच्या घरी गेल्या. सिद्धेश्वरीचं पाकीट मोजलं. अर्ध्या गोळीचाही फरक नव्हता. देवघरातल्या वाटीचा थर त्यांनी बोटानं जिभेला लावला आणि लगेच थुंकला.

कडू. भस्म कडू नसतं.

दुपारी दवाखान्यात शरणप्पा काशम्माच्या कॉटपाशी बसला होता. सिस्टरांनी गुरू आणि सिद्धेश्वरीला आत बोलावलं.

"आप्पा, गोळ्या संपत होत्या, पण तुम्ही झोपत नव्हता. मग त्या कुणाच्या पोटात जात होत्या? काशम्मा पूजेआधी काही घेत नाही. आज चहालाही शिवली नाही. मध्ये उरलं ते तीर्थ. तिच्या हाताला कंप, म्हणून तिच्या तळहातावरच्या लिंगावर पाणी तुम्हीच घालत होता, आणि ते वाटीत धरून तुम्हीच पाजत होता."

"सिस्टर, काय बी बोलू नका!" गुरू म्हणाला.

"बोलू दे," शरणप्पा म्हणाला. "खरं हाय ते."

त्यानं काशम्माचं पांघरूण सारखं केलं.

"तिला ध्यानात ऱ्हात न्हाय. रोज सकाळी विचारायची, 'शिवू बंदानेन?' शिवू आला का? मी सांगायचो, गेला तो. मग ती पहिल्यांदाच ऐकल्यागत ऊर बडवायची. रोज. रोज पोरगं मरायचं आमचं. एक गोळी दिली, गप झोपली. मग एक पुरंना. दोन झाल्या. आज चार."

"आप्पा, 'आलाय' म्हणायचं. एवढंच."

"गळ्यात लिंग असताना खोटं बोलू?" त्यानं वर पाहिलं. "जन्मात बोललो न्हाय."

"सकाळपासून सुनेवर आळ होता. तुम्ही गप्प होता. ते काय होतं मग?"

 शरणप्पा उठला आणि सुनेपुढं हात जोडून उभा राहिला. सिद्धेश्वरीनं तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे काशम्मानं डोळे उघडले. जीभ वळत नव्हती, तरी विचारलंच, "शिवू बंदानेन?"

शरणप्पानं लिंग मुठीत झाकलं. "बंदान," तो म्हणाला. "आलाय. हातपाय धुतोय."

काशम्मा हसली. दीड वर्षात पहिल्यांदा. पण छातीत कफ भरला होता. आठवडा संपायच्या आत ती गेली.

शरणप्पानं पोलिसांना सगळं आपणहून सांगितलं. खटला उभा राहिला, तारखा पडत गेल्या. सिद्धेश्वरी पोरीला घेऊन मंद्रूपला माहेरी गेली. गुरू तीनदा आणायला गेला, तिसऱ्यांदा सगळ्यांदेखत माफी मागितली, तेव्हा ती परतली. त्या दुकानदारानं काही दिवस चिठ्ठीवरची तारीख बघितली, मग सोडून दिलं. सिस्टरांनी गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या महिन्यातून एकदा स्वतः तपासायचा नेम धरला, तो अजून चालू आहे.

निकाल लागायच्या आत, पुढच्या थंडीत शरणप्पा अंथरुणाला खिळला. त्याच्याही ध्यानात राहीनासं झालं होतं. एका सकाळी सिस्टर त्याचा रक्तदाब बघायला गेल्या, तेव्हा तो दाराकडं बघत विचारत होता, "काशी आली का?"

सिद्धेश्वरी दूध घेऊन आत येत होती. ती क्षणभर उंबऱ्यात थांबली.

"आल्यात की, मामा," ती म्हणाली. "पूजेला बसल्यात. तुमी दूध घ्या."