शिवलेला शेवट

"पाच पुस्तकं, ताई, अन् पाचहीची शेवटची पानं एकमेकाले शिवलेली!" रीतानं पिशवी टेबलावर रिकामी केली. "नासाडी केली म्हणून समिती आज मले कामावरून काढून राह्यली."

मार्कंड्याजवळच्या गावातलं वाचनालय रीता सांभाळायची. पुस्तकं किशोरांसाठीच्या खूनकथांची होती. चंद्रपुरात खासगी तपास करणाऱ्या माधवीताई ती चाळू लागल्या. त्यांचा ऑटोवाला आणि मदतनीस सुरेंद्र मात्र एका कोऱ्या करकरीत पुस्तकाचे टाके उसवायला निघाला. खुनी आधी कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. ताईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

"ते मागच्या हप्त्यात आलं," रीता म्हणाली. "कोणी घरी नेलं नाई. मीबी वाचलं नाई अजून."

दुपारी तिघं गावात पोचली. वाचनालयाच्या पायरीवर शिपाई पत्रू जाळं विणत होता. धागा तोच, गाठही तीच.

"सापडला!" सुरेंद्र पुटपुटला.

"धागा इथीच पडून रायते, भाऊ. गाठ आमच्या साऱ्या मोहल्ल्याले येते, मुख्याध्यापक सरबी आमच्यातलेच. मले तर वाचताच येत नाई."

ते सर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष बापूराव, आत पेपर वाचत होते. माधवीताईंनी कोरं पुस्तक पुढे केलं.

"असली पोरांची पुस्तकं मी उघडतबी नाई," बापूराव म्हणाले. "मास्तरच खुनी निघते! काय शिकतील पोरं?"

ताईंनी टाके कापले आणि उभ्याउभ्याच शेवट वाचून काढला.

"कुठे आठ पानं शिवलीत, कुठे बावीस," त्या म्हणाल्या. "उलगडा सुरू होतो, नेमका तिथूनच टाका. म्हणजे शिवणाऱ्यानं वाचलंय. पत्रू सुटला. रीता त्या मोहल्ल्यातली नाही, तिला ही गाठ येत नाही. आणि मास्तर खुनी आहे, हे फक्त शिवलेल्या पानांत आहे. न उघडता तुम्हाला कसं कळलं, सर?"

बापूरावांनी पेपरची घडी घातली.

"पहिल्या पुस्तकाचा शेवट मी आधीच पाहून टाकला. सारी मजा गेली. दुसऱ्याची जाऊ नये म्हणून शिवत गेलो. तिथवर आल्यावर वाचणाऱ्यानं टाके कापावे, बस. सकाळी सर्वांच्या आधी येऊन वाचतो."

"अन् माझी नोकरी जात होती, तवा बोलले काऊन नाई?" रीताचा आवाज चढला.

"अडुसष्टाव्या वर्षी पोरांची पुस्तकं वाचतो, हे कोणत्या तोंडानं सांगू? चुकलं माझं, बाई."

संध्याकाळी समितीपुढे त्यांनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि रीताची नोकरी वाचली. शेवट आधी पाहणारे आपण एकटेच नाही, म्हणून सुरेंद्रला फार बरं वाटलं.

रीता मात्र ते कोरं पुस्तक हातात घेऊन फुगून बसली होती.

"आता काय झालं?" बापूरावांनी विचारलं.

"हे मी उद्या वाचणार होती, सर. अन् तुम्ही खुनी सांगून टाकला!"

बापूराव ओशाळले, ते मात्र आत्ता खरे.